कूलरचे पाणी, छातीचे दुखणे आणि नसलेला टीबी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की लोखंडी कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भातल्या गावागावांतून येऊ लागतात. त्या छापायलाच हव्यात. पण त्याच कूलरच्या टाकीतल्या पाण्याने छातीचे जे विकार होतात, त्यांची बातमी होत नाही. ते सावकाश वाढतात आणि पुष्कळदा दुसऱ्याच रोगाच्या खात्यावर जमा होतात; कधी दम्याच्या, कधी टायफॉइडच्या, कधी टीबीच्या. बिडीला कधी हात न लावलेल्या, धडधाकट माणसालाही ते होतात. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आत याबद्दल तपशिलाने लिहावे म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे. कापायचेच झाले तर प्रमाणे आणि आकडे तेवढे राहू द्यावेत.

गावात पाण्याकडे कोणी बघत नाही असे नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे बघणारी ओटी टेस्ट करतो, पाणीस्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही सगळी व्यवस्था पोटात जाणाऱ्या पाण्याची आहे. बारीक तुषार होऊन श्वासावाटे फुप्फुसात उतरणारे पाणी कोणाच्याच रजिस्टरमध्ये नाही. आणि गोम अशी, की जे जंतू पोटात गेले तर सहसा काही करत नाहीत तेच छातीत रुजले की त्रास देतात, आणि पोटाचे जंतू मारायला पुरणारे क्लोरीन त्यांना पुरत नाही.

यातले मुख्य जंतू म्हणजे टीबीच्या जंतूचे भाऊबंद. डॉक्टर त्यांना एनटीएम म्हणतात. त्यांच्या जवळपास दोनशे प्रजाती माहीत आहेत. माणसाच्या छातीत सापडतात त्या प्रामुख्याने ॲव्हियम, इंट्रासेल्युलेअर, कॅन्ससी, ॲब्सेसस, आपल्या देशात सिमिए आणि फॉर्च्युइटमही. माती, विहीर, बोअर, नळाची पाइपलाइन, टाकीचा तळ हेच त्यांचे घर. अंगावर जाड मेणचट आवरण असल्यामुळे अतिसाराच्या जंतूंच्या तुलनेत ते शेकडो पट क्लोरीन सोसतात. त्याच आवरणामुळे ते पाण्यात मोकळे राहण्यापेक्षा पाइपला, टाकीच्या भिंतीला, रबरी नळीला चिकटून राहणे पसंत करतात. टाकीच्या आतून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीत थर हाताला लागतो, त्यातच त्यांची वस्ती असते. पाण्याचा बुडबुडा फुटतो तेव्हा पृष्ठभागावर जमलेले हे जंतू थेंबाबरोबर हवेत उडतात, त्यामुळे उडालेल्या थेंबात त्यांचे प्रमाण टाकीतल्या पाण्यापेक्षाही जास्त असू शकते. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत पाइप अर्धा रिकामा, घरोघरी प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ड्रम भरलेले; असा थर जमायला याहून चांगली सोय नाही.

क्लोरीन पुरत नाही म्हणून टीसीएल टाकणेच सोडावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीला विहिरीचे दूषित पाणी पिऊन लोक दगावले, ते विसरण्यासारखे नाही. पिण्याच्या पाण्यात टोकाच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलेच पाहिजे. छातीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आता कूलरकडे येऊ. कूलर नीट चालत असेल तर त्यातून वाफ येते, थेंब येत नाहीत, आणि जंतू वाफेवर बसून प्रवास करत नाहीत. शिवाय मे महिन्याच्या कोरड्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चालू कूलरच्या टाकीतले पाणी २३-२४ अंशांपर्यंत उतरते. एवढ्या गार पाण्यात लिजिओनेलासारखे (न्यूमोनिया करणारा जंतू, त्याबद्दल पुढे) ऊबप्रिय जंतू फारसे वाढत नाहीत. म्हणजे कूलर हा मुळातच रोगट, असे म्हणणे चूक आहे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा असा सल्ला देणाऱ्याने आधी अकोल्यात एक मे महिना काढावा. उष्माघात हा याहून फार जवळचा धोका आहे.

घोडे अडते ते देखभालीत. कूलर बंद झाला की टाकीतले पाणी उन्हाने तापते. रात्रभर चालवायचा, सकाळी बंद करायचा, उरलेल्या पाण्यावरच संध्याकाळी नळी लावून वरून भर घालायची, असे आठवडेच्या आठवडे चालते. पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ८०० मिलिग्रॅम असेल तर शंभर लिटर पाण्यामागे ८० ग्रॅम क्षार टाकीत आणि गवतावर उरतात. मोठा कूलर दिवसाला एवढे पाणी सहज पितो. महिन्याला सुमारे अडीच किलो झाले. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विचारायलाच नको. या क्षारांनी वरच्या पाणी सोडणाऱ्या नळीची भोके बुजतात. मग काही भोकांतून पाणी पिचकारीसारखे उडते आणि गवताचा काही भाग कोरडा राहतो. उडालेले पाणी पंखा ओढतो आणि शिंतोडे खोलीत येतात. गवत खाली बसून वर जी फट पडते तिथूनही तेच. ताकदीपेक्षा मोठा पंप बसवला तरी तेच.

हे तपासायला यंत्र लागत नाही. कूलर पूर्ण वेगात सुरू करावा आणि जाळीपासून हातभर अंतरावर कोरडा आरसा मिनिटभर धरावा. आरसा कोरडा राहिला तर ठीक. त्यावर बारीक ठिपके उमटले तर तुमचा कूलर वाऱ्याबरोबर पाणीही देतो आहे. डोळ्यांना दिसणारे हे ठिपके मोठ्या थेंबांचे असतात. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचणारे थेंब पाच मायक्रॉनपेक्षा लहान, ते दिसत नाहीत. पण मोठे येत असतील तर लहानही येत आहेत असेच धरून चालावे. गवत दाबून फट बुजवणे, नळीची भोके तारेने मोकळी करणे आणि पंपाच्या नळीला छोटा कॉक बसवून पाणी कमी करणे, एवढ्याने बहुतेक कूलर सुधारतात.

साफसफाईबद्दल. हंगाम सुरू होताना जुने गवत पुन्हा वापरू नये. गेल्या जूनमध्ये ओलेच बंद केलेले गवत पावसाळाभर पेटीत कुजत असते. ते घरात झटकले की बुरशीचा आणि वाळलेल्या जंतूंचा ढग सरळ नाकात जातो, आणि नेमके हेच काम घरातल्या बायांकडे नाहीतर पोरांकडे सोपवलेले असते. आधी विजेची पिन काढावी. गवत जागेवरच पाण्याने भिजवावे, नाकाला मास्क किंवा निदान जाड दुपट्टा बांधावा, ओले गवत पोत्यात भरून बाहेर न्यावे. टाकी रिकामी करून क्षाराचा थर व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सैल करावा, ब्रशने घासावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. हे धुणे महत्त्वाचे, कारण पुढे टीसीएल वापरायचे आहे आणि आम्ल व टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचे ॲसिड तर या कामाच्या जवळपासही आणू नये.

मग ५० लिटरच्या टाकीत स्वच्छ पाणी भरून १० ग्रॅम टीसीएल घ्यावी, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, गाळ खाली बसला की वरचे निवळ पाणी ओतावे. याने लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते; पावडरीत २५ टक्के क्लोरीन शिल्लक आहे असे धरून हा हिशेब आहे. ताज्या पावडरीत ते ३३ टक्क्यांच्या आसपास असते. तोंड उघड्या पोत्यात, ओलीत पडलेली पावडर चार महिन्यांत निकामी होऊ शकते. पंखा बंद ठेवून फक्त पंप अर्धा तास चालवावा. खोलीत माणूस नको, खिडक्या उघड्या हव्यात, आणि पंप चालू असताना कूलरच्या पत्र्याला हात लावायचा नाही. त्यानंतर पिन काढून सगळे पाणी सोडून द्यावे, दोनदा साध्या पाण्याने खंगाळावे आणि मगच नवे गवत भरावे. हनीकोम पॅड असेल तर तो टीसीएलच्या पाण्यात बुडवू नये, कागदी लगदा सुटतो. साध्या पाण्याच्या धारेने धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा.

एरवी आठवड्यातून दोनदा टाकी तळापासून रिकामी करावी, नुसती भर घालू नये. डेंग्यूच्या डासांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य सेवक सांगतच असतात. कूलरचा कोरडा दिवसही तोच धरला तर वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. पहाटे बंद करण्यापूर्वी पंप बंद करून नुसता पंखा वीस-तीस मिनिटे चालू ठेवला की गवत वाळते, आणि वाळलेल्या गवतावर थर चढत नाही. कूलरला माशासारखा वास यायला लागला की लोक खशीचे अत्तर किंवा कापूर टाकतात. वास हीच तर सूचना असते, ती दाबून काय मिळवायचे? आणि चालू कूलरच्या पाण्यात फिनाइल किंवा टीसीएल रोज थोडी टाकण्याची युक्ती कोणी सांगत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. ते सगळे रात्रभर आपणच हुंगत असतो.

कूलरची पाठ कुठे आहे हेही बघावे. मागे गोठा, उकिरडा किंवा कुटाराचा (भुशाचा) ढीग असेल तर कूलर तीच हवा ओढून खोलीत सोडतो. ओल्या, आतून तापलेल्या कुटारात वाढणारे जंतू फुप्फुसाला कूलरइतकेच वाईट.

या सगळ्याने नेमके काय होते? पहिला प्रकार जंतूसंसर्गाचा नाही, फुप्फुसाच्या ॲलर्जीसारख्या सुजेचा आहे. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. पाण्यातले जंतू आणि बुरशी, जिवंत असोत की मेलेले, श्वासावाटे वारंवार आत जातात आणि काही माणसांच्या शरीराला ते सोसत नाहीत. भारतात फुप्फुसे कडक करणाऱ्या आजारांची १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर नोंदणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच आजार होता, आणि त्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या वापरात कूलर होता. कूलर वापरणारे करोडो आहेत, त्यामुळे एवढ्यावरून प्रत्येकाचा आजार कूलरनेच झाला असे सिद्ध होत नाही. पण दम लागलेल्या माणसाला कूलरबद्दल विचारलेच पाहिजे, एवढे नक्की ठरते.

लक्षणांचा नमुना ओळखण्यासारखा असतो. रात्री कूलरसमोर झोपले की चार ते आठ तासांत अंग मोडून येते, ताप, कोरडा खोकला, छाती जड. दिवसभर शेतात गेले की उतरते. चार दिवस लग्नाला परगावी गेले आणि तिथे कूलर नव्हता, तर माणूस ठणठणीत. परत आले की पुन्हा तेच. सुरुवातीला एक्स-रे साफ निघू शकतो, टायफॉइडची टेस्ट कुठेतरी पॉझिटिव्ह येते आणि सलाईन लागते. असे दोन-तीन उन्हाळे गेले की ताप मागे पडतो आणि दम कायमचा होतो. पायऱ्या चढवत नाहीत, वजन उतरते, बोटांची टोके फुगतात. तेव्हा फुप्फुसात व्रण पडलेले असतात आणि ते भरून येत नाहीत. स्टेरॉइडने सूज उतरते, पण कारण तसेच ठेवून स्टेरॉइड देत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. म्हणून एप्रिल ते जूनमध्येच येणारा दम आणि ताप सांगणाऱ्या रुग्णाला पहिला प्रश्न घरच्या कूलरचा, गोठ्याचा आणि कबुतरांचा हवा.

दुसरा प्रकार खऱ्या संसर्गाचा, एनटीएमचा. पूर्वी टीबी होऊन गेल्यामुळे ज्यांच्या फुप्फुसात पोकळी किंवा रुंद झालेल्या नळ्या राहिल्या आहेत, चुलीच्या धुराने ज्यांची छाती गेली आहे, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या धुळीत ज्यांनी वर्षे काढली, अशांना तो जास्त होतो. पण १९८९ मध्येच अमेरिकेतून अशा रुग्णांचा अहवाल आला होता, ज्यांच्या छातीत आधी काहीच दोष नव्हता, आणि त्यांत उतारवयातल्या बाया जास्त होत्या. तेव्हापासून सडपातळ, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा महिनोन् महिने न जाणारा खोकला हे या आजाराचे एक ठरलेले चित्र झाले आहे. आपल्याकडे अशी बाई दवाखान्यात आली तर तिला टीबी असेल, असे पहिल्यांदा वाटणे साहजिक आहे, कारण तो खरोखरच फार जास्त आहे. चूक पुढच्या पायरीला होते.

थुंकीची स्लाइड झील-नील्सन पद्धतीने रंगवली की टीबीचा जंतू आणि एनटीएम दोन्ही निळ्या पार्श्वभूमीवर सारख्याच लाल काड्या दिसतात. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत फरक करता येत नाही. फरक सांगते ती टीबीच्या जंतूचा डीएनए ओळखणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी. आणि इथे साधा तर्क आहे. स्लाइडवर जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅटला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. तेव्हा स्लाइड पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह असा निकाल आला तर ‘मशीन चुकले असेल’ म्हणून टीबीचे औषध सुरू करून मोकळे होऊ नये. दुसरा नमुना घेऊन सीबीनॅट पुन्हा करावी, तीही निगेटिव्ह आली तर एनटीएम धरून नमुना कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवावा. तसेच सहा महिने नियमित गोळ्या खाऊनही स्लाइड पॉझिटिव्हच असेल, तर औषधाला न जुमानणारा टीबी समजण्याआधी जंतू टीबीचाच आहे का, हे कल्चरवर बघावे. घन माध्यमावर सहा ते आठ आठवडे लागतात, द्रव माध्यमात ४२ दिवसांपर्यंत वाट बघतात. वाढ आली की एमपीटी-६४ची पट्टी पंधरा मिनिटांत टीबी की इतर ते सांगते, आणि प्रजातीसाठी लाइन प्रोब तपासणी आहे.

उलट चूकही होते. एनटीएम पाण्यातच असल्यामुळे स्लाइड धुण्याच्या नळाच्या पाण्यातून किंवा रंग कालवलेल्या पाण्यातून ते स्लाइडवर येऊ शकतात. प्रयोगशाळेत रंगासाठी डिस्टिल्ड पाणी हवे, आणि डब्यातले पाणी दिवसेंदिवस ठेवून वापरायचे नाही. रुग्णाने नमुना देण्याआधी चूळ भरायची ती उकळून गार केलेल्या पाण्याने. नमुना छातीतून खोकून काढलेला हवा, दोन ते पाच मिलिलिटर, लाळ नको. कल्चरचा नमुना उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवून नेला तर इतर जंतू माजतात आणि निकाल वाया जातो. बर्फाच्या डब्यात, होता होईल तो तीन दिवसांच्या आत पोहोचवावा. एकदा एनटीएम वाढला म्हणजे रोग, असेही नाही. त्रास असावा, सीटी किंवा एक्स-रेवर खुणा असाव्यात आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या निदान दोन थुंकींत तोच जंतू वाढावा, असा जागतिक निकष आहे. दुर्बिणीने फुप्फुसातून घेतलेल्या पाण्यात वाढला तर एकदा पुरतो.

हा काथ्याकूट कशासाठी? उपचार वेगळे आहेत म्हणून. टीबीच्या मोफत पाकिटात अझिथ्रोमायसिन नसते, आणि ॲव्हियम गटावर मुख्य औषध तेच आहे, रिफाम्पिसिन आणि इथांब्युटॉलच्या जोडीने. थुंकीचे कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतर आणखी बारा महिने ते द्यावे लागते. पायराझिनामाइड या जंतूंवर चालतच नाही. कॅन्ससीची तऱ्हा आणखी फसवी. त्यावर टीबीची काही औषधे चालतात, त्यामुळे रुग्णाला गुण येतो, सहा महिन्यांनी कोर्स संपतो आणि पुढे खोकला परत येतो, कारण त्याला निदान वर्षभर औषध हवे असते. मग ‘टीबी उलटला’ असे समजून पुन्हा पहिल्यापासून. ॲब्सेसस तर बहुतेक गोळ्यांना दाद देत नाही, त्याला मोठ्या रुग्णालयातच न्यावे लागते. दुसऱ्या बाजूला, सौम्य आजारात लगेच औषध न देता कफ काढण्याचे व्यायाम शिकवून दर काही महिन्यांनी तपासत राहणे हाही मान्य मार्ग आहे. हे तज्ज्ञाने ठरवायचे. वर्षभर इथांब्युटॉल घेणाऱ्याने मात्र लाल-हिरव्यातला फरक कमी जाणवू लागला किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

खेड्यातल्या दवाखान्यांत खोकल्यावर सर्रास दोन गोष्टी दिल्या जातात, त्या दोन्ही इथे नडतात. एक, तीन दिवस अझिथ्रोमायसिन. एनटीएम असलेल्या माणसाला ते एकटेच पुन्हा पुन्हा मिळाले की जंतू त्याला सरावतो आणि हातातले मुख्य हत्यार जाते. दोन, लेव्होफ्लॉक्सासिन. ते टीबीवरही अर्धवट चालते, त्यामुळे खरा टीबी झाकला जातो आणि निदान लांबते. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याला आधी थुंकी, मग अँटिबायोटिक; हा क्रम उलटू नये.

घरच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एनटीएम टीबीसारखा माणसाकडून माणसाला लागत नाही. ताट-वाटी वेगळी, झोपायला ओसरी, लेकराला जवळ घ्यायची बंदी, असले काहीही करण्याचे कारण नाही. पण निदान पक्के होईपर्यंत तोंडाला रुमाल बांधण्याची शिस्त पाळावी, कारण टीबी असण्याची शक्यता तोवर उरतेच.

लिजिओनेलाबद्दल थोडक्यात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या जानेवारीत हा जंतू सापडला. तो साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात फोफावतो, ६० अंशांवर मरतो. गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात नेमकी त्याच उबेत असते. ढगाळ दिवसांत सोलरचे पाणी ४०-४५ वर रेंगाळते तेव्हाही तेच. हा न्यूमोनिया दोन ते दहा दिवसांत उसळतो. सोबत जुलाब, भ्रम, रक्तात सोडियम कमी. अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रायक्झोन त्यावर चालत नाहीत, कारण जंतू पेशींच्या आत दडतो. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन चालते. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफस या तापाची साथ आली तेव्हा त्यावरचे औषध म्हणून डॉक्सिसायक्लिनचे महत्त्व सगळ्यांना कळले होते; न उतरणाऱ्या न्यूमोनियातही ते डॉक्टरांच्या ध्यानात असावे.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. तोवर आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या टाक्यांत दोन महिन्यांचे पाणी साचून असते. मुले यायच्या आधी टाकी रिकामी करून घासावी, हजार लिटरला २०० ग्रॅम टीसीएलचे निवळ घालून ते पाणी नळांपर्यंत खेळवावे आणि निदान तासभर ठेवून सोडून द्यावे. मग स्वच्छ पाणी भरून प्रत्येक नळ पाच मिनिटे वाहू द्यावा. नळ सोडणाऱ्याने खिडकी उघडी ठेवून बाजूला उभे राहावे.

लग्नमंडपातले फवाऱ्याचे पंखे हा अलीकडचा प्रकार आमच्या मते कूलरपेक्षा वाईट आहे. कूलरमध्ये थेंब येणे हा बिघाड असतो, इथे थेंब उडवणे हेच काम. आणि त्यात पाणी असते टँकरचे, आदल्या लग्नातले उरलेले. मंडपवाल्यांनी प्रत्येक कार्यक्रमानंतर टाकी आणि नळी रिकामी करून वाळवावी, पिण्यायोग्य पाणीच भरावे. म्हातारी माणसे आणि दम्याचे रुग्ण यांच्या खुर्च्या त्या झोतासमोर नकोत.

शेवटची बाब ऑक्सिजनच्या बाटलीची. कोविडनंतर अनेक घरांत आणि आरोग्य केंद्रांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्याच्या बुडबुड्यांच्या बाटलीत सर्रास नळाचे किंवा आरओचे पाणी भरलेले दिसते. आरओचे पाणी निर्जंतुक नसते. ज्याची छाती आधीच अशक्त आहे त्याच्या नाकात चोवीस तास हे बुडबुडे सोडायचे आणि वरून औषध द्यायचे, याला काय म्हणावे? बाटलीत निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, ते नसेल तर पूर्ण खळखळ उकळून झाकून गार केलेले पाणी खुणेपर्यंत भरावे. रोज उरलेले फेकून बाटली साबणाने धुऊन वाळवावी, वरून भर घालू नये. नेब्युलायझरची वाटीही प्रत्येक वेळी धुऊन कोरडी करावी आणि औषध पातळ करायला नळाचे पाणी नको, फक्त निर्जंतुक सलाईन. नाक धुणाऱ्यांनाही उकळून गार केलेलेच पाणी.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आमच्या दोनच मागण्या आहेत. स्लाइड पॉझिटिव्ह पण सीबीनॅट निगेटिव्ह निघालेल्या प्रत्येक रुग्णाचा नमुना कल्चरला गेला का आणि त्याचा निकाल परत आला का, याची वेगळी वही प्रत्येक तालुक्याच्या क्षयरोग पथकाने ठेवावी. आज नमुना जातो पण निकाल आठ आठवड्यांनी येतो तेव्हा रुग्ण कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि कागद फाइलमध्ये राहतो. आणि आरोग्य केंद्रांच्या औषध मागणीपत्रात ऑक्सिजनच्या बाटलीसाठी डिस्टिल्ड पाण्याचा रकाना टाकावा. पाच लिटरच्या कॅनला पैसे फार लागत नाहीत, पण रकाना नसला की मागणी जात नाही.

आपले,
ग्रामीण भागात छातीच्या विकारांचे काम करणारे काही डॉक्टर व प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(यवतमाळ, वर्धा, अमरावती)